तुम्हाला विचारून

१२ जानेवारी

भाऊजी,

वर ‘सा. न. वि. वि.’ लिहिलेलं नाही. मुद्दामच.

तुमचं पत्र मिळालं. मी तुमचा फोन उचलत नाही म्हणून तुम्ही कागद घेतलात, एवढं कळलं. अक्षर बिघडलंय तुमचं, ओळी खाली उतरत जातात. सूर मात्र तोच. झालं गेलं विसरून एकदा येऊन जा, वहिनी, आपण काही परके आहोत का? कोणी काय विसरायचं ते लिहायचं राहिलंय. दुकानातली किचकट कामं नेहमी मागच्या खोलीत यायची, तसं हे विसरायचं कामही आमच्याकडेच ढकललेलं दिसतंय.

मी येणार नाही.

आता तुमच्या आजाराचं. तुम्ही लिहिता, पोटात अल्सर आहे, थोडासाच आहे, औषधाने बसेल, असं डॉक्टरांनी मुलाला सांगितलं. हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अल्सर. थोडासाच. औषधाने बसेल. भाऊजी, हे शब्द तुमचे आहेत. माझ्या नवऱ्याला कॅन्सर निघाला तेव्हा तुम्हीच ते त्यांना ऐकवले होते, दवाखान्यात, खिडकीकडे तोंड करून.

तुम्हाला वाटलं, त्यांना काही कळलं नाही. अजूनही तसंच वाटत असेल, म्हणून आज सांगते.

चष्म्याच्या दुकानात जन्म गेला तुम्हा दोघांचा. पुढे काउंटरवर तुम्ही, मागे काचा घासायला ते. डोळे तपासल्यावर गिऱ्हाईक घाबरलं की तुम्ही म्हणायचात, ‘थोडासाच नंबर आहे हो, सवय होईल.’ आणि खरा नंबर चिठ्ठीवर लिहून फटीतून आत सरकवायचात. तुमच्यात एक नियम होता, की गिऱ्हाइकासमोर एकाने दुसऱ्याचं बोलणं खोडायचं नाही. एखादी म्हातारी आत डोकावून विचारायची, काच फार जाड येणार का हो? हे मान वर न करता म्हणायचे, ‘भावाने सांगितलं ना, तेवढीच.’ हातात असायची बाटलीच्या बुडासारखी काच.

त्या दिवशी ‘थोडासाच आहे’ म्हणून तुम्ही निघून गेलात. जिन्यावरचा तुमच्या चपलांचा आवाज थांबला तेव्हा हे मला म्हणाले, ‘माझ्याशी गिऱ्हाइकासारखं बोलला. म्हणजे नंबर मोठा आहे.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘आणि चिठ्ठी काही आत दिली नाही.’

त्यानंतर त्यांनी काय हवं ते मला नीट सांगितलं. घरी राहायचं, दुखणं दाबायचं औषध घ्यायचं. घशात नळी नको, मशीन नको. मी म्हटलं, मग हे भावाला सांगा. तर म्हणाले, त्याने एकदा सांगून टाकलंय, आता मी खोडलं तर त्याला कसं वाटेल? मरायला टेकलेला माणूस तुमच्या काउंटरचा मान राखत होता.

मग मीच तुम्हाला जिन्यात गाठलं. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं. ‘वहिनी, त्याला काय झालंय हेच त्याला माहीत नाही. मग त्याच्या म्हणण्याला काय अर्थ आहे? आणि तुम्ही ते वाचनालय जरा कमी करा.’ चौथीत शाळा सुटलेली बाई औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते, याची तुम्हाला पहिल्यापासून गंमत वाटायची. प्रोफेसरीणबाई म्हणायचात. आज कुठला पाठ झाला, असं जेवताना विचारायचात, आणि हे खाली मान घालून हसायचे.

मी औषधं आणायला खाली गेले असताना डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कोण बोलणार? तुम्ही उभे राहिलात. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा तो मान तुमचाच, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी वर आले तेव्हा नळी घालून झाली होती. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. बोलणार कसे?

तर आता तुम्हाला थोडासाच अल्सर आहे. लवकर बरे व्हा, असं लिहायची पद्धत आहे.

वहिनी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या बायकोचा फोन आला होता. माझं पत्र आल्यापासून तुम्ही दुकानात जाऊन नुसते बसून असता, गिऱ्हाइकाशी बोलत नाही, घरी ताट अर्धं टाकता, आणि विचारलं तर ‘पित्त झालंय’ म्हणता. हे सांगताना ती रडली. ती रडली की मला तिच्यावर राग धरता येत नाही, हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे. मग तिच्या हातातून फोन तुमच्या मुलाने घेतला. काकू, बाबांना असलं काही लिहू नका, ते खचतील, म्हणाला. मी विचारलं, कशाने खचतील, अल्सरने? तेव्हा त्याने मला काय ते सांगितलं, आणि तुम्हाला सांगणार नाही असं वचन मागितलं.

वचन मी दिलेलं नाही.

खरं लिहिते. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं. म्हटलं, बसू दे आता याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. दार लोटून बाहेर कुजबुज चालली आहे, आत येताना सगळ्यांचे चेहरे हसरे, आणि आपण काही विचारलं की बोलणं हवेवर जातंय, यंदा उकाडा लवकर सुरू झाला म्हणून. कळू दे कसं लागतं ते. त्या आठवड्यात माझी घरातली कामं भराभर झाली. वरच्या फळीवरचे डबेसुद्धा घासून झाले.

मग एक दिवस पुस्तक घेऊन बसले आणि त्याच त्या पानावर डोळे फिरायला लागले. डोक्यात दुसरंच चाललं होतं. तुम्ही असेच गप्प राहिलात तर तुमच्याही वेळी डॉक्टर विचारतील, घरातलं कोण बोलणार, आणि दुसरं कोणीतरी उभं राहील. तुमच्या तोंडचं तो बोलेल. म्हणजे माझा नवरा तसा गेला त्यातून शिकलं कोण? एक तुमचा मुलगा शिकला, आणि तो तुमच्याकडून शिकला.

म्हणून विचारते. माया उफाळून आली असं समजू नका.

तुम्हाला काय झालंय ते जाणून घ्यायचंय का? हो म्हणालात तर जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सगळं लिहीन, आणि त्यात साखर घालणार नाही. नको म्हणालात तर माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही. हवं तर मीही तुम्हाला उकाड्याबद्दल लिहीन. पण हो की नको, ते तुम्ही म्हणायचं.

दुसरं. आजार कुठलाही असो, एखादे दिवशी तुम्हाला स्वतःला बोलता येणार नाही. तेव्हा घर की दवाखाना? नळी घालायची की नाही? हे आधी सांगून ठेवा. या प्रश्नावरून काय ओळखायचं ते ओळखा, तुम्ही काही खुळे नाही.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. घरी पाठवलं तर तुमच्या हातात पडेलच असं नाही.

वहिनी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर मिळालं. वाचून झाल्यावर मी पाणी प्यायला उठले आणि पाणी न पिताच परत येऊन बसले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. माझ्या पत्राच्याही आधी, मुलगा ‘थोडासाच आहे’ म्हणाला त्याच वेळी. जन्मभर जो माल विकला तो ओळखू येणार नाही का, असं तुम्ही लिहिलंय. विनोद बरा आहे. मी हसले नाही. आणि तुम्हाला कळलंय हे मुलाला कळू द्यायचं नाही, कारण त्याला वाईट वाटेल! सख्खे भाऊ शोभता.

मला बोलावलंत ते समेटासाठी नव्हतं, हे मात्र वाचून मोकळं वाटलं. ‘घरात सगळे माझ्याशी गोड बोलायला लागलेत. तुम्ही तेवढ्या बोलणार नाही, म्हणून बोलावलं.’ माझ्या लग्नात तुम्ही अर्ध्या चड्डीत फिरत होता. तेव्हापासून आजवर माझ्याशी सरळ बोललेलं हे तुमचं पहिलं वाक्य.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. मी धरूनच चालले होते की तुम्ही घर म्हणाल, नळी नको म्हणाल. म्हणाल, आणि मग मी विचारेन, स्वतःला हवं ते भावाला का नाही दिलंत? वाक्य तयार करून ठेवलं होतं. उलटसुलट करून, चांगलं टोक काढून.

आणि तुम्ही लिहिता, दवाखाना. नळी लागली तर घाला, मशीन लागलं तर लावा, जे जे असेल ते करा. ‘मला घाई नाही, वहिनी. मला भीती वाटते. घरी सगळे झोपतात. दवाखान्यात कोणी ना कोणी जागं असतं.’

हे वाचून तुमचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. वैर म्हणून केलं असतंत तर माझं काम सोपं होतं, मी नीट तुमचा द्वेष केला असता आणि मोकळी झाले असते. तुम्ही तर त्यांना तुमच्यातलं सगळ्यात चांगलं दिलंत. स्वतःच्या नंबरचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवलात आणि म्हणालात, आता बघ किती स्वच्छ दिसतं. चाळीस वर्षं नंबर काढणारा माणूस तुम्ही. समोरच्याला विचारल्याशिवाय, हे दिसतंय का, आता दिसतंय का, असं दहादा विचारल्याशिवाय तुम्ही कधी कोणाला काच दिली नाहीत. सख्ख्या भावाला दिलीत.

पण आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. काल तुमचा मुलगा येऊन गेला. तुम्हाला बोलला नसेल. त्याने घरी सगळी तयारी चालवली आहे. कोपऱ्यातली खोली रिकामी केली, डोक्याकडून वर होणारी खाट आणायची आहे, दुखण्याचं औषध द्यायला एक बाई ठरवली आहे. काकांचं मी बघितलंय, म्हणाला, बाबांना त्या नळ्यांमध्ये जाऊ देणार नाही. ‘काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, माणसाला त्याच्या घरात शांतपणे जाऊ द्यावं म्हणून?’

म्हणाले होते. माझीच वाक्यं तो मला ऐकवत होता, आणि वाक्यं चांगली होती. पोरगं मनापासून बोलत होतं. त्याच्या शर्टाचं एक बटण खालच्या काजात गेलेलं होतं, ते त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

मी विचारलं, बाबांना विचारलंस?

म्हणाला, ‘त्यांना कुठे माहीत आहे काय झालंय ते?’

मी त्याला चहा दिला आणि स्वतः स्टुलावर बसले.

तुमची इच्छा मी त्याला सांगितली नाही. ते माझं काम नाही. पण तुम्ही सांगितली नाहीत तर काय होईल ते लिहिते. त्या चांगल्या खाटेवर, तुमच्याच घरात, सगळे झोपलेले असताना तुम्ही घाबरत घाबरत मराल. आणि लोक म्हणतील, काय शांत गेले.

नळी मला पटत नाही. माझ्यापुढे आली तर मी हात जोडून नको म्हणेन. तरी मी येते. डॉक्टरांची वेळ घ्या. तुम्ही, तुमची बायको, मुलगा आणि मी. बोलायचं तुम्ही. मी तुमच्या वतीने एक शब्द बोलणार नाही, फक्त कोणी तुमचं बोलणं मध्ये तोडलं तर त्याला गप्प करेन. ते मला चांगलं जमतं, असं तुम्हीच सगळ्यांना सांगत आला आहात.

वहिनी


८ मार्च

भाऊजी,

तुम्हाला डोळा लागलाय, म्हणून दवाखान्यातच, तुमच्या खाटेशेजारी बसून लिहितेय. मुलाच्या देखत हे बोलता येणार नाही.

काल डॉक्टरीणबाईंसमोर बोललात ते बरं केलंत. दम लागत होता, अर्धे शब्द त्या मास्कमध्येच राहत होते, पण बोललात. मुलगा मध्येच म्हणाला, बाबा, तुम्हाला कळत नाहीये तुम्ही काय मागताय. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या बाई चांगल्या आहेत. आवाज न चढवता सगळं सांगितलं त्यांनी, की कॅन्सर पोटातून लिव्हरमध्ये गेलाय, तो नळीने बरा होणार नाही. ज्या न्यूमोनियाने तुम्हाला इथे आणलं तो कदाचित उतरेल आणि थोडे दिवस मिळतील, कदाचित तेही नाही. आणि नळी असेपर्यंत बोलता येणार नाही. एवढं कळून हवी आहे का, असं त्यांनी तुमच्या डोळ्यांत बघून विचारलं.

‘हवी आहे,’ म्हणालात.

मुलगा उठून बाहेर गेला. मागोमाग त्याची आई गेली. मी गेले नाही, तुम्ही एकटे पडला असतात. तो परत आला तेव्हा तोंड धुऊन आला होता. बाबा, तुम्हाला सगळं माहीत होतं तर मला का नाही सांगितलंत, असं त्याने विचारलं.

तुम्ही म्हणालात, ‘तू विचारलं नाहीस.’

त्यावर तो तुमच्या पायांशी खाटेवर बसला. सिस्टर येऊन म्हणाली, पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही. तो उठला नाही, आणि तीही मग सलाइन बघून निघून गेली.

तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंचा एक प्रश्न उरला होता. मशीनचा उपयोग होत नाही असं दिसलं तर थांबायचं कधी? आणि तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. वहिनी ठरवतील.

मी ठरवणार नाही.

सगळे माझ्याकडे वळले तेव्हा मी नकारार्थी मान हलवली, ती तुम्ही पाहिलीत. जन्मभर दुसऱ्यांचं ठरवत आलात, आणि स्वतःचं ठरवायची वेळ आली तेव्हा हे माझ्या पदरात टाकताय. माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा बाईच्या हातात हे देऊ नका. लवकर थांबवा म्हटलं तर ती दया होती की सूड, ते माझं मलाच कळायचं नाही. अजून चालू ठेवा म्हटलं तरी तेच. दोन्ही बाजूंनी मी तुमच्यावर जुना राग काढू शकते, आणि दोन्ही वेळा लोक म्हणतील, वहिनीने दिराचं किती केलं.

जागे झालात की उत्तर द्या. बोलवत नसेल तर याच कागदाच्या मागे लिहा. पेन तुमच्या उजव्या हाताशी ठेवलंय.

वहिनी


१० मार्च

भाऊजी,

कागदाच्या मागे लिहिलेलं वाचलं. मुलाने हाक मारली आणि डोळे उघडले नाहीत, दुसऱ्या दिवशी मारली तरी उघडले नाहीत, की पुरे. मुलाने ते डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी तुमच्यासमोर बसून ते पुन्हा विचारून घेतलं आणि खाली तुमची सही घेतली. तसंच होईल. आता कोणाला उभं राहायला नको.

खाली दोन ओळींत तुम्ही माफी मागितली आहे. ती मी घेत नाही. ती माझी नाही. ज्यांची होती ते गेले. त्यांच्या वतीने मी हो म्हटलं तर तुम्ही केलंत तेच मी केल्यासारखं होईल. राहू दे ती तुमच्याकडेच.

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. नळी घातल्यावर ह्यांनी ती ओढून काढायचा प्रयत्न केला. म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधले होते. तुम्ही काचेपलीकडून बघायचात आणि चादर गळ्यापर्यंत असायची, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल. मला थोडा वेळ आत सोडायचे, तेव्हा मी चादरीखाली गाठ सैल करायचे. वेळ संपली की सिस्टर ती परत आवळायची. तिचीही चूक नव्हती. मनगटाच्या आतल्या बाजूला वळ उठले होते. गेल्यावर त्यांना घरी आणलं तेव्हा मी तिथे तेल लावलं. काही उपयोग नव्हता, पण लावलं.

तर आज मी इथल्या मोठ्या सिस्टरशी बोलून आले. पहिल्यांदा नाही म्हणाली, नियम दाखवला. मी तो सगळा वाचला, तिच्यासमोर उभी राहून, खालच्या बारीक अक्षरांसकट. शेवटी म्हणाली, घरचं कोणी ना कोणी सतत हात धरून बसणार असेल तर बांधणार नाही. मग आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी तुमची बायको, दुपारी मी, दिवेलागणीनंतर मुलगा. तो झोपणार नाही म्हणतो. मी त्याला सांगितलंय, डोळा लागायला लागला तर मला उठव, मी इथेच असेन.

उद्या नळी घालतील. दुपारी जो हात तुमचा हात धरून असेल तो माझा. तुम्ही नळी ओढू नये म्हणून धरलेला असेल, त्याचा दुसरा काही अर्थ काढू नका. माझा हात नको असेल तर आजच सांगा, अजून तुम्हाला बोलता येतंय. मी दुसरं कोणी बघेन, वाईट वाटून घेणार नाही.

मी दाराबाहेर बाकावर बसले आहे. वाचून झालं की हाक मारा.

वहिनी